बागेतला मोझॅक बाहेरून आणू नका

गच्च्यांवर चायना मोझॅक बसवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड पार्कात, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जनरल ग्रँट यांच्या समाधीभोवती असलेल्या नागमोडी मोझॅक बाकांचे फोटो पाहताना नजर आधी सांध्यांवर जाते. सांधे वेडेवाकडे आहेत. असणारच! १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पेड्रो सिल्व्हा या चिलीत जन्मलेल्या कलाकाराने ही १७ बाकं आसपासच्या सुमारे १२०० रहिवाशांना हाताशी धरून घडवली. समाधी अध्यक्षाची, आणि बाकांवर टॅक्सी न् डोनाल्ड डक!

१९९७ साली समाधीची शताब्दी आली, तेव्हा हा रंगीत पसारा गंभीर वास्तूला शोभत नाही, हलवा, असा सूर निघाला. रहिवासी अडून बसले. बाकं राहिली. ठेकेदाराने आणून ठेवलेल्या बाकांसाठी कोण भांडलं असतं?

आपल्याकडच्या बागांत फायबरचे जिराफ येतात, वर्षभरात त्यांचे कान तुटतात, कुणाला सोयरसुतक नसतं. त्याऐवजी बागेची एक भिंत वस्तीला द्या. मात्र सगळं काम हौशी हातांत देऊ नका. गिलावा, पाणी मारणं, ग्राउट हे कारागिराचंच. तुकड्यांची धारही त्यानेच घासून घ्यावी. कुठला तुकडा कुठे, हे मुलांनी आणि आज्ज्यांनी ठरवावं. तिथे आम्ही मिस्त्रींनी तोंड उघडू नये.

आणि निविदेत डागडुजीचे पैसे धरा. पावसाळ्यानंतर कडेचे तुकडे सुटतात, कितीही चांगला मिस्त्री असला तरी.