उंची मोजून दाखव!

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक वेगळाच अर्ज आला. गटातल्या एका मैत्रिणीला आठ हजारांचं कर्ज हवं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, "पोराला गाडी खाली बसवायचीय. रॅलीत उतरायचं म्हणतो." पिठाची गिरणी, शिलाई मशीन, म्हैस, शाळेची फी ही कारणं आमच्या रजिस्टरला ओळखीची. हे नवीनच होतं. गटातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, गाडी खाली बसते म्हणजे काय, ती काय म्हैस आहे?" सगळ्या खो खो हसल्या.

मला मात्र हसू आलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी हीच 'खाली बसवलेली' गाडी माझ्या मुलाला बाभळीवर घेऊन गेली होती.

आम्ही सिन्नरचे. नाशिक परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' या नावाने राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या पूर्वी झालेल्या आहेत. मुरमाच्या रस्त्यावरून धुरळा उडवत जाणाऱ्या गाड्या बघायला आमचा मुलगा शाळेत असल्यापासून मित्रांबरोबर जायचा. पुढे डिप्लोमा झाला, एमआयडीसीत नोकरी लागली आणि पहिल्या दीड-दोन वर्षांच्या बचतीतून त्यानं एक जुनी एस्टीम घेतली. "आई, मला हौशी गटात रॅली करायचीय. थोडे पैसे लागतील गाडीच्या कामाला," असं त्यानं मला सरळ विचारलं होतं. आणि मी आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं तेच उत्तर दिलं. "काही नको. आधी नोकरीत कायम हो, लग्न कर, मग काय ते खेळ." आमच्या ह्यांनी तर पेपरातून डोकंही वर केलं नाही.

तो पुन्हा विचारायला आला नाही. मला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. तो फक्त स्वस्तातल्या गॅरेजात गेला होता. तिथे सहाशे रुपयांत गाडीच्या स्प्रिंगा काढून, प्रत्येकीचे दोन-दोन वेढे कापून पुन्हा बसवून दिल्या. गाडी चार बोटं खाली आली. दिसायला झोकदार, पोस्टरमधल्या गाडीसारखी. पुढच्या रविवारी मित्राच्या मळ्यामागच्या कच्च्या रस्त्यावर सरावाला म्हणून गेले. एका घळीत गाडी उतरली, पोट दगडावर आपटलं, ऑइलचं चेंबर फुटलं आणि उसळलेली गाडी रस्ता सोडून बांधावरच्या बाभळीत घुसली. मनगट मोडलं, हनुवटीला पाच टाके पडले. मित्राला खरचटलं तेवढंच. देवाची कृपा.

त्या रात्री दवाखान्यात मी त्याच्यावर खूप रागावले. पण घरी आल्यावर झोप लागेना, आणि लक्षात आलं की राग निम्मा माझाच माझ्यावर होता. मी 'नाही' म्हटल्यानं मुलगा थांबला नव्हता. त्याला कुणी शहाणं माणूस विचारणारं उरलं नव्हतं, एवढंच झालं होतं.

गाडी शेवटी आमच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे ओढून नेली. मुलगा त्यांना मामा म्हणतो. त्यांनी कापलेली स्प्रिंग माझ्या हातात दिली. म्हणाले, "ताई, बघा. हिनं घात केला."

मी कला शाखेची पदवीधर. स्प्रिंग म्हटलं की मला बॉलपेन आठवतं. पण मामांनी इतकं सोपं करून सांगितलं, की ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. कारण आज माझ्या घरी झालं, उद्या तुमच्या घरी होईल. गावागावांत मुलांना गाड्यांचं वेड आहे.

स्प्रिंगचं काम गाडीचं वजन पेलायचं. तिच्या जोडीला असतो शॉकअॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजातला 'शॉकअप'. त्याचं काम स्प्रिंगचं झुलणं आवरायचं. झोका एकदा ढकलला की तो झुलतच राहतो, हात लावून थांबवावा लागतो ना? तो हात म्हणजे शॉकअप. स्प्रिंगचे वेढे कापले की ती आखूड होते आणि कडकही होते. वर गाडी खाली आल्यामुळे चाकाला वर सरकायला जागाच कमी राहते. खड्डा आला की शॉकअप दाबून दाबून शेवटाला जातो, रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि सगळा मार गाडीच्या अंगावर येतो. दुसरीकडे चाक हवेत लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग तिच्या जागेवर सैल पडते. कधी सटकतेसुद्धा.

"मग रॅलीच्या गाड्या खाली नसतात?" मी विचारलं. मामा हसले. "ताई, डांबरी रस्त्यावरची रॅली असेल तर गाडी खाली आणि कडक. मातीची असेल तर उंच आणि मऊ. चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच ते वळणार, तरच ब्रेक लागणार. हवेतलं चाक काय कामाचं?" पण म्हणून हवी तेवढी उंचही चालत नाही. गाडी फार उंच केली तर वळणावर कलंडायला बघते, आणि चाकाला खाली खड्ड्यात उतरायला वाव उरत नाही. चाकाला वरही जाता आलं पाहिजे आणि खालीही. ही दोन्हीकडची जागा सांभाळणारी उंची शोधायची, यालाच 'सेटिंग' म्हणतात. त्यात दिखाव्याला जागा नाही.

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर मुलगा पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. या वेळी मी 'नाही' म्हटलं नाही. म्हटलं, "पैशांपैकी निम्मे माझे. पण गाडीला काय करणार, कशासाठी करणार, हे मला आधी समजलं पाहिजे. आणि उंची मोजून दाखव." त्याची यादी इंजिनाची ताकद वाढवण्यापासून सुरू होत होती. मामांनी ती उलटी केली. आधी चेंबरखाली जाड पत्रा, मग चांगल्या स्प्रिंगा आणि उंची कमी-जास्त करता येईल असे आटे पाडलेले शॉकअप. इंजिन सगळ्यात शेवटी. "वळणावर ताब्यात न राहणारी गाडी आणखी जोरात पळवून काय करायचंय?" हा मामांचा प्रश्न मला फार पटला.

मग आला मोजमापाचा दिवस. मला वाटलं होतं, टेप लावली की झालं. पण त्याचीही रीत असते. आधी जमीन सपाट हवी, म्हणून एका गोदामातली फरशी शोधली. चारही चाकांत हवा ठरल्याप्रमाणे. पेट्रोल रॅलीत असेल तेवढं, जादा चाक आणि हत्यारं जागच्या जागी. गाडी जॅकवरून उतरवली की तशीच मोजायची नाही. ती थोडी पुढेमागे ढकलायची, चारही कोपऱ्यांवर दाबून सोडायची, म्हणजे ती आपल्या जागेवर बसते. आणि माप चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं. जमिनीपासून घेतलं तर टायरमधल्या हवेप्रमाणे ते बदलतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीत दोघं बसलेले हवेत. उजवीकडे चालवणारा आणि डावीकडे रस्ता सांगणारा जोडीदार. जोडीदाराला त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. मामा म्हणाले, "ताई, तुम्ही बसता का?" साडी सावरत मी त्या लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यातून कशीबशी आत गेले. मी बसले आणि पुढची डावी बाजू आठ मिलिमीटर खाली आली. मुलगा हसू दाबत आकडा वहीत लिहीत होता. माझ्या वजनाचा कुणालातरी उपयोग झाल्याचं मला समाधान वाटलं.

मग मामा आटे फिरवू लागले. मी म्हटलं, डावी बाजू खाली गेलीय तर तेवढी उचला, झालं. ते म्हणाले, "आपल्या घरातला चौरंग आठवा. एक पाय उंच झाला की काय होतं? तो पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा पाय, दोघांवरच सगळा भार येतो. बाकीचे दोन हलके पडतात." गाडीचंही तसंच. पुढचं डावं उचललं तर मागच्या उजव्यावरही भार वाढतो. म्हणून थोडं इथे, थोडं तिथे, पुन्हा गाडी ढकलायची, पुन्हा माप. चार तास चाललं. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, त्यामुळे नंतर अलाइनमेंट नव्यानं करावं लागतं. ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, तेही चाक लोंबकळत सोडून बघतात. सहाशे रुपयांच्या कामात यातलं काहीच झालं नव्हतं.

शेवटी मामांनी शॉकअपच्या चकचकीत दांड्याला प्लास्टिकची एक बारीक पट्टी बांधली. गाडी फिरवून आणली की पट्टी कुठपर्यंत सरकली यावरून चाक किती वर गेलं ते कळतं. पट्टी पार टोकाला गेली तर समजायचं, जागा संपतेय, काहीतरी बदलायला हवं. पण बदलायचं एका वेळी एकच. एक बदल, त्याच रस्त्यावर एक फेरी, वहीत एक नोंद. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही. डॉक्टर बदलल्यावर आणि काढाही सुरू केल्यावर आपलं होतं तसंच!

काही मैत्रिणी म्हणतील, हे असलं शिकून आपल्याला काय करायचंय, हे पुरुषांचं काम. त्यांच्यासाठी एक सांगते. मिशेल मूटों नावाच्या फ्रेंच बाईनं १९८१ साली इटलीतल्या सानरेमोची जागतिक रॅली जिंकली. शेजारी रस्ता सांगायला फाब्रिझिया पोन्स, तीही बाईच. पुढच्या वर्षी मूटोंनं आणखी तीन रॅली जिंकल्या आणि जागतिक स्पर्धेत दुसरा नंबर मिळवला. आपल्याकडेही हा नुसता टवाळखोरांचा उद्योग राहिलेला नाही. गौरव गिल या रॅलीपटूला २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण म्हणून प्रत्येक मुलाला गाडी घेऊन द्या, असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरात हप्त्यांची ओढाताण आहे त्यानं स्प्रिंगांवर पैसे घालू नयेत, हे मी माझ्या मुलालाही ऐकवते. आणि गावातल्या रस्त्यावर गाडी खाली करून मिरवणं, शर्यती लावणं हा खेळ नाही, गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे मनाचे बदल करायला मनाई करतं आणि कलम १८९ परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला शिक्षा सांगतं. रॅली बंद केलेल्या रस्त्यावर होते. त्यासाठी फेडरेशनचा परवाना लागतो, हेल्मेट, पट्टे, पिंजरा सगळं तपासून मगच गाडी सोडतात. आमची एस्टीम आता मैदानापर्यंत टेम्पोवरून जाते, रस्त्यावर चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'नाही' म्हणणं सोपं असतं, पण त्यानं आपली काळजी मिटते असं नाही. ती नजरेआड होते. मुलगा चोरून करतो, आणि चोरून केलेलं काम नेहमी घाईचं आणि स्वस्तातलं असतं. त्यापेक्षा त्याला समोर बसवून तीन गोष्टी विचाराव्यात. हे कुठे चालवणार? हे काम कोण करणार? आणि माप कुठे लिहिलंय? ज्याच्याकडे तिन्हीची उत्तरं आहेत तो मुलगा नादावलेला नाही, तो शिकतोय. ज्याच्याकडे नाहीत त्याला थांबवायचा हक्क आपल्याला आहे, आणि तेव्हा तो ऐकतोही. निदान माझा तरी ऐकतो.

त्या दिवशी बैठकीत मी हे सगळं सांगितलं, गाडीपासून बाभळीपर्यंत. एरवी चहा आला की उठणाऱ्या बायका बसून राहिल्या. मैत्रिणीनं मुलाला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, लाजत उभा राहिला. "किती खाली करणार?" "मागे-पुढे चार बोटं." "का?" तो गप्प. "मोजलीय का आता किती आहे?" पुन्हा गप्प. आजी मघापासून हसत होत्या, त्यांनीच शेवटी विचारलं, "बाळा, शेजारी कोण बसणार आहे? त्याच्या आईला माहितीये का?"

गटानं कर्ज नामंजूर केलं नाही. पुढच्या बैठकीपर्यंत थांबवलंय. त्याआधी त्यानं आमच्या मामांना भेटायचं, गाडी सपाट जागी उभी करून चारही मापं घ्यायची आणि वही घेऊन यायचं, असं ठरलं. त्याची आई ब्लाऊज शिवते. जाताना म्हणाली, "टेप माझ्याचकडून नेईल तो. मापं घेतल्याशिवाय कात्री लावायची नसते, हे मी त्याला लहानपणापासून दाखवत आले. सांगायचं तेवढं राहून गेलं बघ."