पाण्यानं थंड होणारं कपाट घेताना

खानापूर, नंदगड, लोंढा, जांबोटी भागातल्या पतसंस्थांचे संचालक, कॉलेजांचे प्राचार्य, दवाखाने चालवणारे डॉक्टर आणि हल्ली घरच्या एखाद्या खोलीत दांडगी कॉम्प्युटर मशिनं मांडू लागलेली आपली पोरं, या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. सर्व्हरसाठी पाण्यानं थंड होणारं बंद कपाट घ्यायचं मनात असेल, तर ऑर्डरवर सही करण्याआधी हे वाचा. कपाट चांगलंच असतं. पण ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपला जुलै नसतो.

आधी गरज आहे का ते पाहा. वायरमनला बोलवा, क्लॅम्प मीटर लावायला सांगा आणि सर्व्हरच्या लाईनवर प्रत्यक्ष किती भार आहे तो मोजून घ्या. यंत्राच्या मागच्या पट्टीवर छापलेला आकडा धरू नका, तो कमाल असतो. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता खोलीत सोडतो, त्यातून सुटका नाही. आपल्याकडच्या बहुतेक पतसंस्थांचा आणि शाळांचा भार एक-दीड किलोवॅटच्या पुढे जात नाही. तेवढ्याला एक बरा एसी, दुसरा राखीव एसी आणि घट्ट लागणारं दार पुरतं. अशा ठिकाणी कुणी पाण्याचं कपाट गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. सभासदांचे पैसे आहेत ते.

चित्र बदलतं ते एआयच्या कामाला लागणारी मशिनं आली की. एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० या एकाच यंत्राला पूर्ण जोरावर साडेसहा किलोवॅट लागतात. अशी दोन यंत्रं एका कपाटात बसवली की साधा एसी हात टेकतो. खोली गार वाटते, पण कपाटाच्या पाठीमागे हात धरवत नाही. इथं पाणी उपयोगी पडतं, कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. दहा किलोवॅटची उष्णता बाहेर काढायला मिनिटाला सुमारे २४ लिटर पाणी पुरतं, आणि तेही जाताना फक्त सहा अंशांनी तापतं.

कपाटाची रचना समजायला अवघड नाही. पुढची-मागची दारं घट्ट बंद. सर्व्हर पुढून गार हवा ओढतो, मागून गरम सोडतो. कपाटातले पंखे ती गरम हवा बाजूच्या कॉइलमधून ढकलतात, कॉइलमधलं पाणी तिची उष्णता घेतं आणि गार झालेली हवा परत पुढे येते. तापलेलं पाणी पाइपातून बाहेरच्या चिलरकडे जातं आणि थंड होऊन परततं. तीच हवा आणि तेच पाणी फिरत राहतं. म्हणून कपाटात रिकामे राहिलेले कप्पे ब्लँकिंग प्लेटांनी बंद करायचे असतात. नाहीतर मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि सर्व्हर आपलीच वाफ पुन्हा ओढत बसतो. वायरी आत जातात ती भोकंही ब्रशच्या पट्टीनं बुजवा. खानापुरात हे उंदरांसाठीसुद्धा करावंच लागतं.

हे तंत्र आपल्या माणसांना नवं नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ८ जानेवारी २०१८ रोजी ‘प्रत्यूष’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. चार पेटाफ्लॉप क्षमतेचं ते क्रे एक्ससी४० यंत्र. या जातीच्या यंत्रात हवा रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडवी वाहते आणि वाटेत कपाटाकपाटांमध्ये असलेल्या पाण्याच्या कॉइलमधून गार होत जाते. कणकुंबीच्या घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसाचा अंदाज बांधायला जी गणितं लागतात, ती अशा पाण्यानं थंड होणाऱ्या कपाटांत झाली आहेत. जवळच आयसरमध्ये २०१९ साली आलेला ‘परम ब्रह्म’ आणखी पुढे गेला. तिथं पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेलं आहे. पण पाषाणला चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं असतात. आपल्याकडे सहानंतर ऑफिसला कुलूप लागतं आणि मागे उरतो तो वॉचमन.

आता मुख्य गोष्ट. कपाटातलं पाणी जितकं थंड तितकं चांगलं, हा समज मनातून काढून टाका. आपल्या भागात यंत्रं बिघडतील ती जास्त करून याच समजापायी.

हवेत बाष्प असतं. हवा एका ठरावीक तापमानाच्या खाली गेली की ते बाष्प पाणी होऊन जवळच्या थंड वस्तूवर बसतं. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की घामेजते, तसा दवबिंदूपेक्षा थंड झालेला प्रत्येक पाइप, प्रत्येक वॉल्व्ह घामेजतो. मार्चमधल्या दुपारी हवा ३४ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असली तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा १२ अंशांचं पाणी खेळवलं तरी पाइप कोरडा राहतो. विक्रेता येऊन यंत्र चालू करून दाखवतो, सगळे खूश होतात, बिल निघतं. मग मृग लागतो. हवा २४ अंश, आर्द्रता ९० टक्के, आणि दवबिंदू २२ अंशांवर. तेच १२ अंशांचं पाणी आता पाइपाच्या प्रत्येक उघड्या सांध्यावरून ठिबकू लागतं. कुठेही गळती नसते, तरी फरशीवर पाणी असतं. प्लंबर सांधे आवळून जातो आणि दुसऱ्या दिवशी फरशी पुन्हा ओली.

हे टाळायला एक साधं यंत्र पुरतं. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मीटर खोलीत टांगा. हिशोब तोंडी करता येतो: शंभरातून आर्द्रतेचा आकडा वजा करा, उरलेल्याला पाचाने भागा आणि जे येईल ते खोलीच्या तापमानातून वजा करा. तो झाला अंदाजे दवबिंदू. आर्द्रता पन्नासच्या वर असताना हा हिशोब कामापुरता बरोबर येतो. कपाटात येणारं पाणी या आकड्यापेक्षा किमान दोन अंशांनी जास्त ठेवा. म्हणजे भर पावसात २४ अंश. घाबरू नका. सर्व्हरला पुढून मिळणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी शिफारस जगभर मानली जाते, आणि कॉइल मोठी असेल तर २४ अंशांच्या पाण्यावर २७-२८ची हवा मिळते. तेवढ्यानं सर्व्हर आजारी पडत नाही. ओल्या सर्किटवर मात्र इलाज नाही.

यातूनच खरेदीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न निघतो. पत्रकावर ‘क्षमता २० किलोवॅट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ती क्षमता किती अंशांच्या पाण्यावर, ते बारीक अक्षरात असतं आणि बहुधा ते पाणी बरंच थंड असतं. पाणी कोमट झालं की तेच कपाट त्याच्या कितीतरी कमी उष्णता काढतं. म्हणून विक्रेत्याकडून लिहून घ्या: २४ अंशांचं पाणी आणि २७ अंशांची हवा धरून तुमचं कपाट किती किलोवॅट काढतं? लेखी उत्तर देत नसेल तर तो सौदा करू नका.

खोलीची हवाच कोरडी ठेवता आली तर आणखी बरं. खिडकी कायमची बंद करा, कौलारू घर असेल तर वरून घट्ट सिलिंग करून घ्या आणि पावसाळ्यात डीह्युमिडिफायर चालवा. बंद खोलीत दवबिंदू खाली येतो आणि पाण्याला थोडी मोकळीक मिळते. पण मग खोलीचं दार उघडं टाकून चहाला जायचं नाही. कपाटाचं दार उघडलं की ओली हवा आत घुसते आणि थेट थंड कॉइलवर बसते, म्हणून जून ते सप्टेंबर ते दार कामापुरतंच उघडा आणि लगेच लावा. पाइपांवर काळ्या नायट्रिल रबराचं आवरण चढवतात, ते सांध्यांवर, वॉल्व्हवर, वळणांवरही अखंड हवं. एक इंच उघडा राहिला तरी बाष्प आवरणाच्या आत शिरतं आणि पाइप आतून घामेजत राहतो. सुंदर काळं आवरण, आत गंजलेला पाइप, असं होऊ देऊ नका.

तालुक्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कणकुंबी-जांबोटीकडे महिनोन्‌महिने धुकं आणि पाऊस, तर इटगीकडे बऱ्यापैकी उघडीप. बेळगावच्या एखाद्या ऑफिसात ठेवलेलं सेटिंग जांबोटीच्या बँकेत जसंच्या तसं चालणार नाही. आपल्या खोलीतला मीटर पाहूनच आकडा ठरवा.

दुसरा मोठा धोका लाईट जाण्याचा. पावसात झाड तारेवर पडतं आणि हेस्कॉम या वीज कंपनीची माणसं पोचेपर्यंत वाट पाहावी लागते. अशा वेळी सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात आणि पंप बंद पडतो, कारण पंपाची मोटर म्हणजे ‘एसीचं काम’ समजून ती साध्या लाईनवर जोडलेली असते. उघड्या रॅकचं एवढं बिघडत नाही. बंद कपाटाला मात्र श्वास घ्यायला जागा नसते. दहा किलोवॅट आत तसेच चालू, पाणी थांबलेलं, मग काही मिनिटांत आतलं तापमान धोक्याच्या वर जातं. तेव्हा पंप आणि कपाटातले पंखे हे सर्व्हरच्याच यूपीएसवर घ्या. चिलरचा कॉम्प्रेसर यूपीएसवर घेणं परवडत नाही, तो जनरेटरवर राहू द्या. पण जनरेटर सुरू झाल्याबरोबर कॉम्प्रेसर सुरू होत नाही, तो काही मिनिटं थांबतो. ती मिनिटं भरून काढायला मधे पाण्याची एक टाकी ठेवा. २०० लिटर पाणी दहा किलोवॅटचा भार सुमारे १४ मिनिटं झेलतं, तोवर ते दहा अंशांनीच तापतं. ही टाकी म्हणजे या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात स्वस्त विमा आहे. आणि तापमान हाताबाहेर गेलं तर कपाटाची दारं आपोआप उघडतील अशी सोय मागून घ्या. ती जादा पैशांत मिळते. ते पैसे द्या.

पाणी कुठलं भरायचं? बोअरचं नाही, मलप्रभा नदीचं नाही, नळाचंही नाही. आत चुन्याचा थर बसतो आणि बारीक नळ्या बुजतात. क्षार काढलेलं पाणी आणि कपाट बनवणाऱ्यानं सांगितलेलं गंजरोधक औषध, एवढंच. तांब्याची कॉइल असेल तर त्याच फेऱ्यात जस्ताचे जीआय पाइप किंवा ॲल्युमिनियमचा भाग जोडू देऊ नका, दोन धातूंच्या झगड्यात एक खाल्ला जातो. कपाट जोडण्याआधी सगळे पाइप धुऊन काढा, स्ट्रेनर साफ करा, नाहीतर कापलेल्या पाइपाचा कीस थेट कॉइलमध्ये जातो. मग चालवायच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी गेजचा काटा पाहा. काटा खाली आला असेल तर गळती शोधल्याशिवाय सर्व्हर आत ठेवू नका. सगळ्यात उंच जागी हवा सोडायचा वॉल्व्ह हवाच, अडकलेली हवा पाण्याची वाट अडवते.

पाण्याचे पाइप कपाटाच्या खालून आणा, वायरी वरून. खाली ट्रे आणि गळती ओळखणारी दोरी ठेवा. पाणी तोडायचे वॉल्व्ह कपाटाच्या बाहेर, हाताला येतील असे. त्यांवरच्या पाट्या मराठीत आणि कन्नडात ठळक लिहून लावा. रात्री दोनला गजर वाजला तर तो वॉचमन ऐकणार आहे, आणि ‘हा लाल वॉल्व्ह आधी बंद कर’ हे त्याला त्याच्या भाषेत वाचता आलं पाहिजे. त्याच्याकडून दिवसाउजेडी एकदा करून घ्या.

वजनाचंही पाहा. भरलेलं कपाट हजार किलोच्या घरात जातं. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर ते चढवू नका, इंजिनिअरला विचारल्याशिवाय पहिल्या मजल्याच्या स्लॅबवरही नको. तळमजला घेतलात तर मलप्रभा किंवा एखादा नाला किती चढतो ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. २०१९च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पाणी कुठवर आलं होतं ते लोकांना आठवतं.

सगळं बसलं की पैशांचा शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. करारातच लिहा की शेवटची चाचणी जुलैत, पाऊस लागलेला असताना होईल. त्या दिवशी सर्व्हर पूर्ण भारावर चालवा, पाइपांवरून कोरडं फडकं फिरवून ओल येते का पाहा, आणि मग मेन स्विच खाली करा. पंप चालू राहतो का, जनरेटर किती वेळात येतो, चिलर कधी उठतो, कपाटातलं तापमान कुठवर चढतं, हे घड्याळ लावून कागदावर लिहा आणि विक्रेत्याची त्यावर सही घ्या. दुरुस्तीचा माणूस बेळगावहून किंवा हुबळीहून येणार, आणि रस्ता बंद असला तर उद्या येणार. तोवर चालवायला राखीव पंप जोडलेलाच असू द्या, कपाटाचा एक पंखा, पंपाचं सील, दोन होज आणि तयार औषधी पाण्याचे दोन कॅन त्याच इमारतीत ठेवा, आणि चावी वॉचमनकडे द्या.