दुसऱ्या खेपेचे अर्थशास्त्र

रजोनिवृत्तीनंतर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल सदोष आला, की निमगाव केतकीसारख्या गावात बहुधा दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तर घरावर सुतकी कळा पसरते. नाही तर 'पाळी गेली, आता कसला दवाखाना?' असे म्हणून तो कागद ट्रंकेत जातो. दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच घातक होत.

सदोष अहवाल हा निकाल नव्हे, चौकशीचा आरंभ होय. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, पेशींचा थर पातळ होतो आणि निरोगी पेशीही कधी कधी सूक्ष्मदर्शकाखाली संशयास्पद भासतात. एचपीव्ही विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असेही नाही. तेथवरची वाट बहुधा अनेक वर्षांची असते. ती अडविता येते; पण पुढील तपासणी झाली तरच. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर आधीचा अहवाल निर्दोष असला तरी डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे.

खरा प्रश्न या दुसऱ्या खेपेचा आहे. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तपासणी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून, नुसत्या डोळ्यांनी करावयाची आहे. पाळी गेल्यावर मात्र पाहावयाचा भाग आत सरकतो व पुष्कळदा नीट दिसत नाही. मग इंदापूर किंवा बारामती गाठणे आले. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. पण पानमळ्यात राबणाऱ्या बाईचा रोज बुडतो तो पूर्णच. सोबत येणाऱ्याचाही बुडतो. पहिली तपासणी फुकट आणि तिचा अर्थ समजून घेणे महाग, असा हा व्यवहार आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. हे यश एकट्या चाचणीचे नव्हते. दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढील तपासणी व उपचार त्याला जोडलेले होते.

म्हणून अहवालासोबतच पुढची तारीख लिहून द्यावी, आशा सेविकेने तिचा पाठपुरावा करावा आणि बुडालेल्या रोजाची भरपाई सरकारने करावी. तपासणीवरचा खर्च त्याशिवाय सत्कारणी लागणार नाही.