98, आणि तरीही दम!

मराठी विभागासाठी लिहिते आहे म्हटल्यावर रूममेट्स हसल्या. शाळा कॉन्व्हेंटची, मराठीच्या पेपरात मी कायम काठावर पास. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

एप्रिल 2021. मी दहावीत होते, बोर्डाची परीक्षा रद्द झालेली. टीव्हीवर दिवसभर बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर. 21 तारखेला नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची गळती होऊन 22 पेशंट गेल्याची बातमी आली आणि त्या रात्री मला श्वास पुरेना. छातीवर कुणी बसल्यासारखं, बोटांना मुंग्या, हात गार. आईने ऑक्सिमीटर लावला. 98. दहा मिनिटांनी परत 98. (टेस्टही पुढे निगेटिव्हच आली.) बाबा म्हणाले, "काही नाही गं, मनाचे खेळ आहेत. झोप." त्या वाक्याचा इतका राग आला की मी रडले, आणि रडल्यावर दम आणखीनच लागला!

आमच्या डॉक्टरकाकांनी फोनवर सांगितलं, घरातल्या घरात सहा मिनिटं चाल आणि परत मोज. तरीही 98. मग ते म्हणाले, "तुला दम लागतोय हे खरं आहे. फुप्फुसं ठीक आहेत हेही खरं आहे." बस्स, एवढंच हवं होतं मला.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे? अहो, हा तर पॉझिटिव्ह फीडबॅक! भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय धडधडतं, श्वास भरभर होतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, मुंग्या येतात. ते जाणवलं की माणूस आणखी घाबरतो. ऑक्सिजन भरपूर असतो, बिघडतो तो कार्बन डायऑक्साइडचा हिशोब. यात नाटक कुठे आलं?

कोविड लशींच्या 12 चाचण्यांचा एकत्र अभ्यास जानेवारी 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना लस न देता नुसतं खोटं इंजेक्शन दिलं होतं, त्यांच्यातल्याही 35 टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असे त्रास नोंदवले. काहींचं डोकं एरवीही दुखलं असतं, मान्य. पण त्रास होणार ही धास्तीसुद्धा त्रास देते, त्याला नोसीबो म्हणतात. ती माणसं काही खोटारडी नव्हती.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या मजल्यावरची एक ज्युनिअर. सबमिशनच्या आठवड्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी नॉर्मल आला आणि दुसऱ्या दिवसापासून मेसच्या लाइनीत तिचं नाव 'ड्रामा क्वीन'. सिकरूमच्या रजिस्टरमध्ये ताप, जुलाब, जखम असे रकाने आहेत, तिचा रकाना कोराच राहिला. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मुलगी खोटी, हे कुठलं लॉजिक? रेक्टर मॅडम, एक रकाना वाढवायला फार शाई लागणार नाही. आणि मैत्रिणींनो, "टेन्शनचं असेल" हे निदान करायचा हक्क रूममेटला नाही. माझं 98 होतं म्हणून प्रत्येकीचं असेलच असं नाही. छातीत दुखलं तर आधी डॉक्टर.

परवा रात्री ती पुन्हा घाबरून माझ्या खोलीत आली. डॉक्टरांनी तिला तपासलेलंच होतं, म्हणून आम्ही दोघी पॅसेजमध्ये हळूहळू चाललो. पहिली तीन मिनिटं गप्प. चौथ्या मिनिटाला म्हणाली, "ताई, उद्या मेसला मिसळ आहे ना?"