नांगराविना गहू: अर्धे काम यंत्राचे

आपल्या बेटावर गहू पिकत नाही. फराटा, दालपुरी, रोजचा पाव, सारे पीठ परक्या देशांतल्या गव्हाचे. तरीही गहू कसा पेरावा हा प्रश्न उसात वाढलेल्या आपल्या कुटुंबांना परका वाटू नये. एकदा लावलेल्या उसाचा खोडवा आपण कित्येक वर्षे नांगर न घालता घेतो. पंजाब-हरियाणात गव्हासाठी आज हेच सांगतात. फक्त तेथे ते इतके सोपे नाही.

तेथे भात कापल्यावर गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. नोव्हेंबरचा मध्य उलटला की पेरणी जितकी लांबेल तितके उत्पन्न घटते, कारण दाणा भरताना उन्हाळा येऊन गाठतो. म्हणून शेतकरी भाताच्या पेंढ्याला काडी लावून मोकळा होतो. धूर दिल्लीपर्यंत जातो आणि सगळे त्याला दोष देतात. माझे म्हणणे असे, की आधी त्याच्या हातात कोणते यंत्र आहे ते पाहावे.

नांगरणीशिवाय पेरणारे साधे यंत्र जमिनीत अरुंद चीर पाडून बी आणि खत सोडते. मोकळ्या शेतात ते उत्तम चालते. हरियाणात त्याचा प्रसार होण्यास एक तणही कारण झाले. 'मंडूसी' हे गव्हासारखेच दिसणारे गवत औषधाला दाद देईना. माती हलली नाही तेव्हा ते कमी उगवू लागले. पण कापणी यंत्राने मागे टाकलेल्या सैल पेंढ्यात हेच पेरणीयंत्र अडकते, बी उघड्यावर राहते, पीक विरळ येते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात ऑस्ट्रेलियाच्या मदतीने 'हॅपी सीडर' तयार झाला तो याचसाठी. तो पुढचा पेंढा कापतो, बी पेरतो आणि पेंढा मागे अंथरतो. ओल टिकते, तण दबते.

मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात गहू गादीवाफ्यांवर पेरतात, पाणी सरीतून देतात. पाणी वाचते, पीक कमी लोळते. मात्र हलक्या जमिनीत वाफ्याचा माथा लवकर सुकतो. तेव्हा एकच रीत सर्वांच्या गळ्यात बांधणे बरे नव्हे.

'नांगर सोडा' ही घोषणाही अपुरी आहे. २०१५ साली 'नेचर'मध्ये जगभरच्या ६१० अभ्यासांचा हिशेब आला. नुसती नांगरणी बंद केल्याने पिकांचे उत्पन्न सरासरीने घटलेले दिसले. कोरडवाहू प्रदेशात आच्छादन आणि पिकांची फेरपालट जोडीला असता ते ७.३ टक्के वाढले. पंजाबात फेरपालट कोठे आहे? गव्हानंतर पुन्हा भात, आणि भातासाठी पुन्हा चिखलणी. हिवाळ्यात मातीने कमावलेले पावसाळ्यात मोडते, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

२०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत अशा यंत्रांना एकट्या शेतकऱ्यासाठी ५० आणि सहकारी संस्थांसाठी ८० टक्के अनुदान ठेवले होते. ठीक आहे. पण जे यंत्र वर्षाला तीनच आठवडे चालते, ते दोन एकरवाल्याने का विकत घ्यावे? त्याला ते भाड्याने हवे, आणि तेही नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात.