नजर अंदाजावर पोरीचं ॲडमिशन ठरवू नका



तुरीच्या फवारणीची नोंद उद्या टाकतो. आज जरा वेगळं लिहितोय, कारण दिवाळीपासून तीन जणांचे फोन आले. पोरगं बारावीला आहे, मॅनेजमेंटला घालायचं म्हणतंय, आयआयएममध्ये बारावीनंतरच घेतात म्हणे, चान्स किती?

घेतात, हे खरं आहे. इंदूरच्या आयआयएमने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स काढला, आयपीएम म्हणतात त्याला. रोहतकनेही नंतर काढला. दिल्लीला बीकॉम, बीएमएसची नावाजलेली कॉलेजं आहेत, तिथं सीयूईटीवर प्रवेश होतो. आपल्या राज्यात २०२४ पासून बीबीए, बीएमएसला सीईटी लागू झाली. प्रश्न चान्सचा आहे, आणि त्यात आमच्या घरात काय झालं ते सांगतो.

माझी भाची. दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावीला ९१ टक्के, गणित चांगलं. दाजी तिला घेऊन शहरातल्या एका करिअर सल्लागाराकडे गेले. त्याने मार्कलिस्ट बघितली, जात-उत्पन्न विचारलं, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी भरलं आणि सांगितलं, "इंदूरचा चान्स ८० टक्के." फी पंधरा हजार. डीएपीच्या अकरा बॅगा झाल्या.

मला दाजींनी तो कागद दाखवला तेव्हा मी एकच विचारलं, हे ८० कशावरून काढले? त्यांना सांगता येईना.

आपल्याला पैसेवारी माहीत आहे. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम. नजर अंदाज म्हणजे बांधावरून हिरवं रान बघून लावलेला आकडा. शेंगा भरल्यात का पोचट आहेत, ते प्लॉट टाकून, कापून, मळून, वजन केल्यावरच कळतं. बारावीचे टक्के म्हणजे हिरवं रान. अर्ज करणाऱ्या हजारो पोरांचं रान हिरवंच असतं, आणि इंदूरला जागा दीडशेच्या आसपास.

आता वजन कसं करायचं? भाचीला मी (म्हणजे माझ्या कृषी सहायक मित्राने, त्याचा पोरगा यातून गेलाय) घरी बसवून पेपर सोडवायला लावले. त्या परीक्षेत ९० प्रश्न. गणिताचे पर्यायवाले ३०, गणिताचे उत्तर लिहायचे १५, इंग्रजीचे ४५. प्रत्येक भागाला ४० मिनिटं मोजून, एका भागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. बरोबरला ४, पर्यायवाल्यात चुकलं तर १ वजा. मोबाईल बाहेर, घड्याळ समोर, सहा रविवारी सहा पेपर. गणितात पोरगी झकास. इंग्रजीत चार वेळा मागल्या वर्षीच्या कटऑफच्या खाली. आणि तिथं प्रत्येक भागाचा कटऑफ वेगळा असतो, गणितातले जादा मार्क इंग्रजीचं भगदाड बुजवत नाहीत. त्यात सगळ्यात भारी गेलेला पेपर धरून बसायचं नाही. सहातला मधला धरायचा. शेतातला सगळ्यात चांगला वाफा कापून एकरी उतारा काढला तर आपण स्वतःलाच फसवतो.

मागल्या वर्षीचा कटऑफसुद्धा मागल्या वर्षीच्या भावासारखाच समजा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं, नवा माल आला तोवर पाच हजारांच्या आसपास. पेपर सोपा निघाला की कटऑफ चढतो, अवघड निघाला की उतरतो. त्यामुळे काठावर असाल तर काठावरच आहात असं समजा.

पण खरा घोळ पुढे होता. त्या ८० टक्क्यांत सल्लागाराने भाचीला ईडब्ल्यूएसमध्ये धरलं होतं, उत्पन्न ८ लाखांच्या आत म्हणून. दाजींच्या नावावर सात एकर आहे, सगळं कोरडवाहू. केंद्राच्या संस्थांसाठी ईडब्ल्यूएसला दुसरी अटही आहे, शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी पाहिजे. मग पाण्याखालची असो नाहीतर मुरमाड. सातबारा निघाला आणि ईडब्ल्यूएस गेलं. पोरगी खुल्या गटात आली, तिथला कटऑफ आणखी वर.

मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो. ओबीसीच्या क्रीमी लेयरच्या नियमात बागायत आणि जिरायत वेगळं धरतात, नुसती जिरायत असेल तर जमिनीवरून बाहेर काढत नाहीत. इथं मात्र आमची सात एकर जिरायत आणि कुणाची सात एकर कॅनॉलखालची द्राक्षबाग एकाच मापात. कृषी खात्यातली मंडळी हे वाचतात, तुम्हीच सांगा हे माप बरोबर आहे का.

आणि उलटी चूकही होते. ओबीसीतले कितीतरी शेतकरी "आपलं उत्पन्न जास्त दिसतंय" म्हणून नॉन क्रीमी लेयरचा दाखला काढतच नाहीत. त्या ८ लाखांत शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पगारही धरत नाहीत. दाखला केंद्राच्या नमुन्यात पाहिजे, राज्याचा चालत नाही. मराठा एसईबीसीचं १० टक्के आरक्षण राज्याचं आहे, इंदूरला ते नाही. हे सगळं अर्ज भरायच्या आधी तहसीलला जाऊन बघा, मार्च-एप्रिलमध्ये तिथं रांग असते.

पैशाचंही बोला घरात. आयपीएमचा पाच वर्षांचा खर्च तीस लाखांच्या पुढे जातो. बँक शैक्षणिक कर्ज देते, पण फेडायचं आहे हे पोरीलाही माहीत पाहिजे.

भाचीसाठी आम्ही शेवटी एकाच पिकावर रान लावलं नाही. इंदूरचा अर्ज भरला, लांबचा म्हणून. दिल्लीसाठी सीयूईटी दिली, तिचे विषयांचे पेपर मराठीतूनही देता येतात. गणित बारावीला होतं म्हणून बीएमएसचा रस्ता उघडा राहिला, ज्यांनी गणित सोडलंय त्यांनी हे आधीच बघावं. आणि राज्याची सीईटी, १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. पहिल्या वर्षी तिथं इतक्या जागा रिकाम्या राहायची वेळ आली की सीईटी पुन्हा घ्यावी लागली होती, म्हणजे तिथं जागा मिळणं अवघड नाही, चांगलं कॉलेज मिळणं अवघड आहे.

इंदूरचं बोलावणं आलं नाही. इंग्रजीतच अडकली, सात मार्कांनी. दिल्लीतही पहिल्या पसंतीचं मिळालं नाही. राज्याच्या सीईटीतून पुण्यात बीबीए मिळालं, पहिलं वर्ष चालू आहे. निकालाच्या दिवशी रडली नाही. म्हणाली, "मामा, चौथ्या रविवारीच कळलं होतं मला." दाजी मात्र अजून त्या पंधरा हजारांवर चिडलेत.

कुणाला सहा पेपर घरी कसे घ्यायचे ते विचारायचं असेल तर खाली लिहा, मित्राला विचारून सांगतो. फवारणीची नोंद उद्या.