बेटावरचा दुसरा अभियंता

एकोणिसाव्या शतकातील साहसकथेचा विषय निघाला, की ज्यूल्स व्हर्नच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मधील सायरस स्मिथविषयी आपण एक ठरीव वाक्य उच्चारतो : या अभियंत्याने शून्यातून जग उभे केले. वर्गात मीही ते अनेकदा उच्चारले आहे. आज मला ते नुसते अपुरे नव्हे, तर साफ चुकीचे वाटते. आणि मराठी वाचकाने ते बिनदिक्कत म्हणावे, ही नामुष्कीची गोष्ट वाटते.

आधी स्मिथचे श्रेय त्याला देऊ. मार्च १८६५ मध्ये रिचमंडहून बलूनमधून निसटलेले पाच जण आणि एक कुत्रा निर्जन बेटावर येऊन आदळतात. घड्याळांच्या दोन काचा, मधे पाणी, कडेला चिकणमाती, एवढ्यावर स्मिथ भिंग करतो आणि विस्तव पेटवतो. कुत्र्याच्या गळपट्ट्यातून चाकूची पाती निघतात. पुढे विटा, लोखंड, नायट्रोग्लिसरीन, तारायंत्र. प्रत्येक कृती पायरीपायरीने समजावलेली. चमत्कार कुठेच नाही. ज्ञान लपवून न ठेवणारा आणि सोबत्यांच्या बरोबरीने राबणारा हा नायक प्रिय वाटावा यात नवल नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, तेव्हा हेच कुतूहल त्यांनी आपल्याकडे रुजवले. ते ऋण मोठे आहे.

पण ‘शून्यातून’ हा शब्द कादंबरीच खोडून काढते. बुडणाऱ्या स्मिथला वाचवतो कोण? हत्यारे, उपकरणे आणि पुस्तके भरलेली पेटी किनाऱ्यावर कोण पाठवतो? हर्बर्ट तापाने फणफणलेला असताना क्विनाइन कुठून येते? चाच्यांचे जहाज कोण उडवतो? या सर्व प्रश्नांचे उत्तर एकच : कॅप्टन नेमो, म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दाकार. १८५७ च्या उठावात लढलेला, घरदार गमावलेला आणि पुढे ‘नॉटिलस’ बांधणारा. अखेरीस ज्वालामुखीने बेटच नाहीसे होते. उघड्या खडकावर उरलेल्यांना जहाज नेते तेही नेमोने आधीच ठेवलेल्या निरोपामुळे. आणि अमेरिकेत आयोवात ही मंडळी नवी वसाहत वसवतात ती त्याने दिलेल्या जवाहिरावर. ज्याला आपण स्वावलंबनाचे महाकाव्य म्हणतो, त्याचे भांडवल एका हिंदी बंडखोराचे आहे. कादंबरीत अभियंते दोन आहेत. आपण एकच शिकवतो.

असे का व्हावे? एक कारण आपल्या हातातल्या पुस्तकात आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी हा ग्रंथ १८७५ च्या किंग्स्टन यांच्या नावावरील इंग्रजी भाषांतरातून वाचला. आजही तेच सर्वांत सहज मिळते. त्यात स्मिथचे नाव हार्डिंग झाले, हे क्षुल्लक. क्षुल्लक नाही ते हे, की दाकारची हकिगतच तिथे फिरवली आहे. इंग्रजांनी अराजकातून वर काढलेल्या सुखी प्रजेला महत्त्वाकांक्षी संस्थानिकांनी भुलवले, असा सूर तिथे लागतो. मूळ फ्रेंचमध्ये तो नाही. २००१ साली क्रॅविट्झ आणि स्टंप यांची दोन नवी इंग्रजी भाषांतरे आली, त्यालाही आता दोन तपे उलटली. तरीही आपण राणीच्या काळातला पाठ डोळे मिटून शिकवतो, आणि वर वसाहतोत्तर सिद्धान्तावर चर्चासत्रे भरवतो!

कुणी म्हणेल, बेट निर्जन आहे, तिथे कुणाचे राज्य बुडवले? मान्य. पण व्हर्नही आपल्या काळाच्या पलीकडे गेलेला नाही, हे मूळ पाठातही दिसते. मरणाच्या दारात असलेला नेमो आपल्या आयुष्याचा निवाडा मागतो, तेव्हा स्मिथ त्याला सांगतो, की गेलेला काळ परत आणता येईल असे मानण्यात आणि आवश्यक प्रगतीला विरोध करण्यात तुझी चूक झाली. हे कोण कुणाला सांगतो आहे, ते पाहा. ज्याने कातड्याच्या भात्याने जुन्या कॅटलन रीतीची भट्टी फुंकली, तो. आणि ज्याची पाणबुडी विजेवर चालते, त्याला! कथेतील सर्वांत आधुनिक माणसावरच प्रगतीच्या विरोधाचा ठपका येतो. त्याचा खरा गुन्हा इतकाच, की त्याने विज्ञान घेतले आणि राज्यकर्ते नाकारले.

मी हे कुरखेड्यात बसून लिहितो आहे, म्हणून हा निवाडा मला कागदावरचा वाटत नाही. दाकार कल्पित आहे. बाबुराव शेडमाके कल्पित नव्हते. १८५८ च्या एप्रिलअखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, गार्टलँड आणि हॉल मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. स्मिथच्या बेटावर तारायंत्र ही कल्पकतेची खूण आहे. चांद्याच्या रानात त्याच सुमारास ती राज्यसत्तेची तार होती. यंत्र तेच, पण कुणाच्या हातात, हा प्रश्न आपण वर्गात विचारतच नाही.

लोखंडाचेही तसेच. मातीची भट्टी, कोळसा आणि भाता यांवर लोखंड गाळणारे कारागीर या जिल्ह्यात होते. स्मिथने ते केले की आपण त्याला ‘प्रतिभा’ म्हणतो, रानातल्या माणसाने केले की ‘आदिम’. आज शेजारच्या कोरची तालुक्यात झेंडेपारच्या लोहखाणीला ग्रामसभा विरोध करतात, तेव्हा त्यांना मिळणारे विशेषण स्मिथच्याच तोंडचे असते : प्रगतिविरोधी. याच जिल्ह्यातील ग्रामसभा सामूहिक वनहक्कांच्या आधारे तेंदूपानांचे लिलाव स्वतः करतात, हिशेब स्वतः ठेवतात. ही मागे जाण्याची लक्षणे नव्हेत.

स्मिथला अभ्यासातून हाकला, असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी दाकारला बसवा, इतकेच म्हणतो. पाठ तपासून घ्या, दोन भाषांतरे समोरासमोर ठेवा, आणि विद्यार्थ्यांना विचारा, की बेटावरचा खरा अभियंता कोण. आमच्याकडच्या मुलांना हे उत्तर सुचायला वेळ लागणार नाही. वेळ लागेल तो आपल्याला.